साखरप्याच्या काकांना, ज्यांनी हात पाठीमागे बांधले

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक नाही. त्या संध्याकाळी विचारायचं सुचलं नाही आणि दुकानाची पाटी पावसाळ्याच्या ताडपत्रीखाली गेलेली होती. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. साखरपा, देवरूख, आंबा या बाजूचं कुणी वाचत असेल तर बाजारपेठेत मोटर-पार्टचं एक चिंचोळं दुकान आहे, तिथं एसटीतून रिटायर झालेले एक काका बसतात. चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा शोधत असतात. त्यांना हे वाचून दाखवा.

काका, मी ती. जुलैतल्या धुवांधार पावसात हेडलाइट गेलेली गाडी घेऊन आलेली कोल्हापूरची बाई. तुम्ही शटर अर्धं ओढलं होतं. "बंद झालं बाय आता," म्हणालात, मग माझ्या तोंडाकडं बघितलंत आणि काही न बोलता शटर परत वर ढकललंत.

रत्नागिरीला आईच्या पायाचं प्लॅस्टर होतं. तिला सोडून निघता निघता उशीर झाला. गाडीचा डावा दिवा आठवडाभर आधीच गेलेला, आणि 'एका डोळ्यानं चाललंय की' म्हणत मी तशीच फिरत होते. ही चूक माझी, ती कुणावर ढकलत नाही. पण दाभोळं सोडलं आणि उजव्याचाही डिप्पर, म्हणजे जवळ खाली पडणारा उजेड, गेला. लांबवर जाणारा अप्पर तेवढा शिल्लक. पावसाळ्यात रात्रीचा आंबा घाट ज्यांनी चढलाय त्यांना पुढचं सांगायला नको. धुक्यात अप्पर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते. उजेड भरपूर, दिसत काहीच नाही. त्यात रुंदीकरणाचं काम, कुठं रस्ता आहे आणि कुठं नुसती खडी, याचा पत्ता दिवसासुद्धा लागत नव्हता. घाट अजून पुढंच होता आणि माझ्या पोटात गोळा आला होता.

तुम्ही आधी विचारलंत, "हे बल्ब कुणी लावले?" मी गप्प बसले, कारण उत्तर लांबलचक होतं. ते आता देते.

मार्चमध्ये पहिला बल्ब गेला तेव्हा मी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथं काचेच्या खोलीत बसवतात, कॉफी देतात आणि काचेतून आपली गाडी बघू देतात, आयसीयूतल्या पेशंटसारखी. टाय लावलेला मुलगा टॅब घेऊन आला आणि म्हणाला, मॅडम, असेंब्लीच बदलावी लागेल. म्हणजे काचेसकट, रिफ्लेक्टरसकट आख्खा दिवा, तोही 'जोडीनं बदललेला बरा'. आकडा ऐकून मी कॉफीचा कप खाली ठेवला. बॉनेट उघडून बघू का, असं विचारलं तर, "मॅडम, तुम्ही कशाला त्रास घेता, आत बसा." त्रास घेऊ नका, आत बसा. गाडीच्या बाबतीत मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या आरसी बुकावर छापलं तरी चालेल.

मग एका ॲक्सेसरीजवाल्याकडं गेले. त्यानं पाच मिनिटांत दोन्ही बल्ब बदलून दिले, शंभर-नव्वद वॅटचे. "मॅडम, दिवस पडल्यासारखा उजेड पडेल." पडला खरा. समोरचे सगळे मला अप्पर मारून शिव्या घालायला लागले. त्याला मी विचारलं होतं, कसं बदलतात, दाखवा ना जरा. तर माझ्या आणि बॉनेटच्या मध्ये पाठ करून उभा राहिला. तोंडात मावा, बोटं कळकट. त्याच बोटांनी त्यानं बल्बची काच धरली होती हे मला दिसलं होतं, पण त्यात काही वावगं आहे हे कुठं माहीत होतं?

ते तुम्ही दाखवलंत. जुना बल्ब काढलात आणि दुकानातल्या ट्यूबखाली माझ्या डोळ्यांसमोर धरलात. काचेवर एका बाजूला दुधाळ डाग होता, पोळल्यावर कातडी फुगते तसा काचेला बारीकसा फुगवटा आलेला. त्या डागात बोटाच्या रेषा दिसत होत्या, काका! सरकारी कागदावर उठवावा असा सुबक अंगठा. "हा त्याचा सहीशिक्का," म्हणालात. बोटाचं तेल काचेला लागतं, बल्ब पेटला की तेवढी जागा जास्त तापते आणि तिथनंच काच मरते. नंतर मी वाचलं, हॅलोजनची काच अडीचशे अंशांच्या वर तापावीच लागते, तेव्हाच आतला वायू आपलं काम नीट करतो. एवढ्या भट्टीवर माव्याचं बोट. आणि वर शंभर-नव्वदचा दाब. होल्डरचं प्लॅस्टिक एका बाजूनं करपून तपकिरी झालेलं तुम्ही नाकाला लावून बघितलंत आणि मलाही हुंगायला दिलंत. "साठ-पंचावन्नची वायर आहे ही. तिच्यावर शंभराचं ओझं घातलंस तर बिचारी काय करील? आत्ता चालेल, घरी गेलीस की होल्डर बदलून घे."

पण मी आभार मानतेय ते यासाठी नाही. हुशार मिस्त्री पुष्कळ असतात.

डावीकडचा बल्ब तुम्ही लावलात, अगदी सावकाश, मला बघता येईल अशा बेतानं कडेला सरून. लावून झाल्यावर सरळ उभे राहिलात आणि म्हणालात, "आता उजवा तू लाव."

मी म्हटलं, काका, अंधार पडतोय, पाऊस आहे, तुम्हीच लावा ना. तर तुम्ही खिशातनं घडीचा पांढरा रुमाल काढलात, त्यात नवा बल्ब गुंडाळून माझ्या हातात दिलात आणि स्वतःचे दोन्ही हात पाठीमागे बांधलेत. शाळेतल्या मास्तरांसारखे.

शेजारच्या वडेवाल्याचा पोरगा छत्री धरून होता. ती बॉनेटवर आणि माझ्यावर. तुम्ही छत्रीच्या बाहेर. पाणी तुमच्या कानावरनं शर्टाच्या कॉलरीत जात होतं. मागची रबरी टोपी माझ्यानं निघेना. निघाली तर तारेची क्लिप सुटेना. क्लिप सुटली आणि बल्ब बसेना, कारण तिथं डोळ्यांना काही दिसत नाही, सगळं बोटांच्या टोकावर. "तीन कान आहेत, वरचा रुंद. चुकीचा घालायला गेलीस तर तोच नाही म्हणेल. जबरदस्ती करू नको." बल्ब बसला. मग ती तार खाचेत अडकेना. पहिल्यांदा निसटली. दुसऱ्यांदा निसटली. तिसऱ्यांदा निसटून माझ्या नखाखाली घुसली आणि मी कळवळले, तेव्हा मी तिरक्या नजरेनं तुमच्याकडं बघितलं. आता हा माणूस "सर बाजूला" म्हणणार. कुणीही म्हटलं असतं. माझ्या नवऱ्यानं पहिल्यालाच म्हटलं असतं, आणि तो चांगला माणूस आहे.

तुमचे हात पाठीमागेच होते. फक्त डाव्या हाताची बोटं उजव्या मनगटावर वळवळत होती, ती तेवढी मला दिसली. म्हणजे तुम्हाला ते जड जात होतं. तीस वर्षं डेपोत लालपरीच्या वायरींत हात घातलेला माणूस, दोन सेकंदांचं काम समोर अडलेलं, डोक्यावर पाऊस, घरी जेवण थांबलेलं, आणि तरी हात पुढं आला नाही.

चौथ्यांदा तार टक् करून बसली. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

दिवे लावले. समोरच्या भिंतीवर दोन उजेड पडले, वरची कड सरळ, दोन्ही सारख्या उंचीवर. तुम्ही भिंतीकडं बघितलंत, "हां," म्हणालात. बस एवढंच.

पैशांचं सांगायलाच हवं. दोन बल्बचे २६०. मी पाचशेची नोट दिली आणि म्हटलं, राहू द्या काका सगळे. तुम्ही जवळजवळ चिडलात. "राहू द्या कशाला? तुझं आहे ते." दोनशेची नोट गल्ल्यातनं निघाली, चाळीस निघेनात. गल्ला झाला, शर्टाचा खिसा झाला, मग भिजत वडेवाल्याकडं जाऊन चार दहाच्या नोटा घेऊन आलात, त्यातली एक तेलकट होती. मजुरी विचारली तर म्हणालात, "मजुरी कसली? एक मी लावला, एक तू लावलास. फिटली."

काका, त्या रात्री मी घाट चढले तेव्हा धुकं होतंच. पण डिप्परचा उजेड रस्त्यावर खाली पडत होता, कडेची पांढरी पट्टी दिसत होती, आणि मला चक्क गाणं म्हणावंसं वाटलं. मलकापूरला चहाला थांबले तर हाताला ग्रीसचा वास. धुतला नाही लगेच.

तेव्हापासून विचार करतेय की चांगुलपणा म्हणजे नक्की काय असतं. आपल्याकडं मदतीला धावून येणाऱ्यांची कमी नाही. रस्त्यात गाडी बंद पडू दे, चार माणसं जमतात, सहा सल्ले मिळतात, आठवा माणूस थेट बॉनेटमध्ये डोकं घालतो. प्रेमानंच घालतो. पण समोरच्याला जमेल असं धरून चालणं आणि जमेपर्यंत थांबणं, एवढी माया क्वचितच कुणाकडं असते. माझे वडील सायकल शिकवताना मागून धरायचे, ते कधी सोडायचेच नाहीत. आजही मला सायकल नीट येत नाही. हे वडिलांबद्दल वाईट म्हणून लिहीत नाहीये, जाऊ दे.

तुमची शिष्या पुढं काय दिवे लावते ते ऐका. ऑगस्टमध्ये नंबरप्लेटचा बल्ब गेला. तो तर नुसता चिमटीत धरून ओढायचा आणि नवा खोचायचा, याला मी आधी मजुरी दिली होती म्हणून स्वतःवरच हसले. मग आतला, छतावरचा. काचेच्या नळीला दोन्ही टोकांना पत्र्याच्या टोप्या असलेला तो बल्ब. झाकण उचकटताना मोडेल म्हणून बटरच्या सुरीला कापड गुंडाळलं होतं. मुलगी म्हणाली, आई, ऑपरेशन आहे का? दसऱ्याच्या आधी ब्रेकलाइट. तिथं मात्र अर्धा तास गेला. दोन तारांचा बल्ब, बुडाशी दोन टोचे, आणि मी ढकलून फिरवतेय तर फिरेचना. घाम फुटला. सासरे बाल्कनीतनं, "मिस्त्रीला बोलाव गं." तेवढ्यात तुमचं वाक्य आठवलं, तोच नाही म्हणेल. बल्ब बाहेर काढून उजेडात बघितला. एक टोचा वर, एक जरा खाली. मुद्दामच तसे असतात, म्हणजे चुकीच्या बाजूनं बसूच नये. अर्धा फेरा फिरवून घातला आणि बसला. सासऱ्यांना खाली बोलावून गाडीमागं उभं केलं, मी ब्रेक दाबला. "लागला! ... गेला. ... लागला!" हौसेनं पाच वेळा दाबायला लावलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी सोसायटीत सांगत होते, आमच्या सूनबाईंनी केलं.

होल्डरही बदलून घेतला, काळजी नको. इंडिकेटर घाईघाईनं टिकटिकायला लागला की एक बल्ब गेला असं समजायचं, हे मी आता मैत्रिणींना सांगत सुटलेय. आणि डिकीत एका डब्यात जास्तीचे बल्ब असतात, तुमच्या रुमालात गुंडाळलेले. हो, रुमाल माझ्याकडंच राहिला. त्या गडबडीत मी तो खिशात घातला. धुतला, पण कडेचा काळा डाग काही जात नाही.

आईचं प्लॅस्टर निघालंय, तिला आणायला पुढच्या महिन्यात रत्नागिरीला जाणार आहे. जाताना साखरप्याला थांबेन. रुमाल द्यायचा आहेच, पण आणखी एक काम आहे. त्या रात्री मी गाडी काढत होते तेव्हा तुम्ही शटर पाडून, डोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून स्कूटर घेऊन निघालात. माझ्या नव्याकोऱ्या उजेडात मी तुम्हाला वळणापर्यंत बघत होते. काका, तुमच्या स्कूटरचा मागचा दिवा बंद आहे. ब्रेक मारलात तरी लागला नाही.

बल्ब मी घेऊन येतेय. दुकानात बसल्या बसल्या तुम्ही तो एव्हाना बदलला असेल तर चांगलंच आहे, पण मला वाटत नाही, इतरांच्या गाड्यांतनं तुम्हाला वेळ झाला असेल. मी लावेन. तुम्ही फक्त हात पाठीमागे ठेवायचे.

तुमची,
कोल्हापूरची, उजव्या दिव्याची बाय