किती रिश्टर, यापेक्षा जमीन कशी हलेल ते विचार

प्रिय सुध्या,

पाटणला घर बांधायला काढलंस, फार आनंद झाला. पण ‘किती रिश्टरला टिकेल असं बांधू?’ हा तुझा प्रश्न डोक्यातून जाईना. रिश्टरचा आकडा भूकंप एकूण केवढा, ते सांगतो. तुझ्या जोत्याखालची जमीन कशी हलेल, ते त्यातून कळत नाही.

आपल्या कोयनेचंच बघ. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा तो भूकंप साडेसहा रिश्टरच्या आसपासचा. धरणाच्या आत एक्सलरोग्राफ, म्हणजे हादऱ्याचं त्वरण नोंदवणारं यंत्र, बसवलेला होता, त्याने हादरा टिपला, हे आपलं केवढं भाग्य! धरणाच्या लांबीच्या दिशेने त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ६३ टक्क्यांपर्यंत गेलं, नदीच्या दिशेने ४९ पर्यंत. आराखड्यात धरले होते ५ टक्के. १०३ मीटर उंचीचं धरण तरीही उभं राहिलं. भेगा पडल्या त्या वरच्या भागात, भिंतीचा उतार जिथे एकदम बदलतो तिथे.

पण नुसता सर्वांत उंच टोकाचा आकडा बघून भागत नाही. त्वरणाच्या आलेखाचं एकदा इंटिग्रेशन, म्हणजे क्षणाक्षणाची बेरीज, केलं की वेग मिळतो, पुन्हा केलं की जमीन किती सरकली ते. इथे फार जपावं लागतं. आलेखाची शून्यरेषा, म्हणजे जमीन स्थिर असतानाची रेषा, केसभर हलली असली तरी दुसऱ्या इंटिग्रेशनला जमीन कुठल्या कुठे वाहून गेलेली दिसते! म्हणून आधी ती रेषा दुरुस्त करायची. मग बघायचं ते हिसक्यांची लय. कोयनेचे हिसके दाट होते, क्षणात दिशा पालटणारे. असे हिसके दगडमातीच्या बुटक्या, ताठ घरांना फार बाधतात.

मेक्सिको सिटीत १९ सप्टेंबर १९८५ ला उलटं घडलं. भूकंपाचं केंद्र साडेतीनशे किलोमीटर दूर, पण शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या गाळावर. तो गाळ दोनेक सेकंदांच्या संथ लयीत डोलत राहिला. झोपाळ्याला नेमक्या वेळी झोका द्यावा तसं ६ ते १५ मजली इमारतींचं झालं, त्याच जास्त कोसळल्या. बुटकी घरं बरीचशी वाचली.

तेव्हा रिश्टर राहू दे. पायाच्या खड्ड्यात काळी माती किती खोल आहे, मुरूम कधी लागतो, खाली कातळ आहे का, ते बघ. घर एकमजली की दुमजली, भिंती कशाच्या, कॉलम किती, तेही कळव. आणि दारं-खिडक्यांच्या माथ्याच्या (लिंटेलच्या) पातळीला चारी भिंतींवरून सलग काँक्रीटचा पट्टा फिरवायला गवंड्याला आत्ताच सांगून ठेव. त्यात पैसे वाचवू नकोस. नकाशा मात्र जोत्याचं काम सुरू होण्याआधी पाठव.

तुझा,
अव्या