दिंडीच्या जुन्या गाडीचा ॲव्हरेज बाटलीनं वाढत नाही, पंपावरची हवा तेवढी चालू करा

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आषाढी जवळ आली की आमच्या कारंजा-दारव्हा भागात जुन्या गाड्यांची डागडुजी सुरू होते. जुना टाटा 407 ट्रक नाहीतर जुनी ट्रॅव्हलर, आत झोपायला फळ्या ठोकलेल्या, वर कॅरिअर, मागच्या दाराशी शेगडी अन पाण्याची टाकी, म्हणजे दिंडीचं चाकावरचं घरच. वारकरी पायी चालतात, गाडी पुढं जाऊन मुक्कामाच्या गावी चूल मांडते. खर्च सगळा वर्गणीतून आणि त्यातला मोठा वाटा डिझेलचा, त्यामुळं ॲव्हरेजची गोष्ट निघाली की सगळे कान देऊन ऐकतात, आणि इथंच लोक नागवले जाऊन राहिले आहेत.

मोबाईलवर व्हिडिओ येतात, टाकीत अमुक औषधाची बाटली ओता, डिझेलच्या पाइपला चुंबक बांधा, ॲव्हरेज दीडपट. अमेरिकेच्या ईपीए या सरकारी संस्थेनं इंधन वाचवणारी म्हणून विकली जाणारी शंभराहून जास्त साधनं तपासली, लक्षात येण्यासारखा फायदा एकातही सापडला नाही. मग वर्गणीचे पैसे त्यात कशाला घालायचे राजेहो?

डिझेल खरं जाते कुठं ते पाहा. पहिलं म्हणजे टायरची हवा. 407 ला मागं जोडचाकं असतात, बाहेरच्या चाकाची हवा सगळे पाहतात, आतल्या चाकाचा व्हॉल्व हाताला लागत नाही म्हणून ते तसंच राहून जाते, मग ते बसते आणि सगळा भार बाहेरच्या टायरवर येतो, गाडी जड ओढते, टायर तापते आणि अशा उन्हात फुटतेसुद्धा. व्हॉल्वला लावायची लांब नळी मिळते, ती बसवून घ्या. हवा सकाळी गाडी हलायच्या आधी, टायर थंड असताना मोजायची. दुपारी तापलेल्या टायरमध्ये गेजचा आकडा चढलेला दिसतो म्हणून पोरं हवा सोडून देतात आणि दुसऱ्या दिवशी तेच चाक कमी हवेवर पळते. किती भरायची ते कंपनीच्या पुस्तकात पाहून, टायरवर छापलेला आकडा हा जास्तीत जास्तचा असतो.

दुसरं म्हणजे स्पीड. या गाड्यांचं तोंड चपटं, वरून कॅरिअरवर ताडपत्री बांधलेली. साठवरून ऐंशीवर गेलं की हवेचा विरोध जवळपास पावणेदोन पट होतो. पीसीआरए म्हणजे पेट्रोलियम कंझर्व्हेशन रिसर्च असोसिएशन कितीतरी वर्षांपासून 45 ते 55 चा स्पीड सांगून राहिली आहे आणि दिंडीच्या गाडीला घाई तरी कशाची, पालखी तर पायीच येणार आहे. कॅरिअरवरचं सामान शक्य तेवढं आत घ्या, रिकामी ताडपत्री फडफडत ठेवू नका. पाण्याचंही तसंच, 500 लिटरची टाकी भरली की अर्धा टन वजन झालं, ते दिवसभर कशाला वाहायचं, मुक्कामाच्या गावी भरा, वाटेपुरतं चार कॅन ठेवा.

आता मेकॅनिकचं. आमच्याकडं इंजिन गरम होते म्हणून थर्मोस्टॅट व्हॉल्वच, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारी झडपच, काढून फेकायची सवय आहे. तो काढला की इंजिनला गरम व्हायला लई वेळ लागतो, अन थंड इंजिन डिझेल जास्त खाते. गाडी गरम होत असेल तर रेडिएटर साफ करा, बेल्ट पाहा, पण व्हॉल्व परत बसवून घ्या. जुन्या डिझेल गाडीत इंजिनला डिझेल सोडणारा पंप मेकॅनिकल असतो, त्यात एअर फिल्टर चोंदला तरी पंप डिझेल तेवढंच सोडतो, हवा कमी पडते म्हणून ते पूर्ण जळत नाही आणि काळा धूर निघतो. जिनिंगच्या, कच्च्या रस्त्याच्या धुळीतून जाणाऱ्या गाडीचा फिल्टर तर पुन्हा पुन्हा पाहावाच लागतो. फिल्टर साफ असूनही काळा धूर असेल तर मग पंप-नोझल दाखवा.

ब्रेकचं तर कोणी पाहतच नाही. दहा-पंधरा किलोमीटर चालवून गाडी थांबवा आणि चारही ड्रमच्या जवळ हात न्या, एकदम टेकवू नका, भाजेल. एखाद्याच ड्रमची आच जास्त लागली तर तिथं ब्रेक पकडून राहिला आहे. जॅक लावून ते चाक हातानं फिरवा, फिरता फिरता अडते की नाही ते लगेच कळते. असा ब्रेक धरून पळणारी गाडी कोणत्याही बाटलीनं ॲव्हरेज देणार नाही.

आणि कृपा करून उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडू नका. ब्रेकला इंजिनची मदत असते, ती संपली की पॅडल दगडासारखं होते, आत बायामाणसं बसलेली असतात. गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की पंप तसाही डिझेल तोडतो, म्हणजे न्यूट्रल करून वाचत काहीच नाही.

हे सगळं लोक करतील, पण हवा मोजायची कुठं? पेट्रोल पंपावर फुकट हवा देणं पंपवाल्यांवर नियमानं बंधनकारक आहे. आमच्या रस्त्यावर मात्र कुठं मशीन बंद, कुठं पाइप फाटलेला, कुठं हवा भरणारा माणूस दहाशिवाय येत नाही, आणि दिंडीची गाडी तर पहाटेच निघते. मग पंक्चरच्या दुकानात अंदाजानं हवा मारायची, तिथला गेज बरोबर की चूक ते कोण सांगणार?

तुमच्या पेपरमार्फत जिल्हा पुरवठा अधिकारी साहेबांना विनंती आहे की पालख्या निघायच्या आधी या मार्गावरच्या पंपांची हवेची मशीन अन गेज तपासून घ्यावी, आणि निदान वारीच्या दिवसांत पहाटे पाचपासून हवा चालू ठेवायला सांगावं. ज्या पंपावर मशीन चालू आहे त्यांची यादी तुम्ही तालुका पानावर छापली तर ड्रायव्हर लोक ते कात्रण गाडीत लावून ठेवतील.

आपला,
एक वाचक, ता. कारंजा, जि. वाशिम