शाल-श्रीफळाशिवायच्या पाहुणचाराबद्दल

आदरणीय फादर,

सप्रेम नमस्कार. चर्चचं नाव कुठे लिहू नका असं तुम्ही निघताना बजावलंत, म्हणून ‘मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधे कुठेतरी’ एवढ्यावरच थांबतो. ओळखणारे ओळखतीलच.

वाड्यांवरच्या मुलींना शाळेत जायला सायकली घ्यायच्या आणि त्यासाठी रेवस ते रेडी सायकल मारत वर्गणी गोळा करायची, हा आमचा बेत. सागरी महामार्ग म्हटलं की लोकांना वाटतं, समुद्राकाठचा सपाट रस्ता, वर गार वारा. प्रत्यक्षात दर खाडीशी उतार संपतो. बाणकोट, दाभोळ, जयगडला फेरीबोटीची वाट बघा, पलीकडे उतरा, की लगेच चढ. तुमच्या दारात पोचलो तेव्हा तिन्हीसांजा होऊन गेल्या होत्या आणि आमच्यातल्या निम्म्यांना बोलायचंही त्राण नव्हतं.

वाटेत आमचे सत्कार बरेच झाले. लोक प्रेमानेच करतात, तक्रार नाही. पण भाषणं ऐकत उभं राहिलं की पोटऱ्यांत गोळे येतात, आणि नारळ सायकलला बांधायचा तरी कुठे? तुमच्याकडे कोणी भाषण केलं नाही. न्हाणीत चुलीवरचं कढत पाणी होतं. दिवे आणि मोबाइल चार्ज करायला भिंतीलगत एक्स्टेन्शन बोर्ड आधीच मांडलेले होते. नाताळचा गोठा उभारणाऱ्या पोरांनी आपलं सामान, पेंढा एका कोपऱ्यात सरकवून आम्हाला अख्खा हॉल मोकळा करून दिला.

सायकली बाहेरच ठेवतो, चेनच्या तेलाने लाद्या खराब होतील, असं आम्ही म्हणत होतो. तुम्ही आत गेलात आणि नाटकाचा जुना मखमली पडदा घेऊन आलात. लाल, कडेला सोनेरी झालर. तो अंथरून त्यावर सायकली ओळीने टेकवल्या. इतका थाट त्यांना विकत घेतल्यापासून कधी मिळाला नव्हता!

स्वयंपाकघरातल्या मावशींचे आभार वेगळे मानायचे आहेत. बांगडे तळत होते, आणि आमच्यातल्या दोघी कोपऱ्यात गप्प बसून होत्या. मावशींनीच हाक मारली, ‘‘मार्गशीर्षातलो गुरवार मां आज? तुमचो टोप वेगळो आसा.’’ त्यात काळ्या वाटाण्याची उसळ होती. त्या दोघींना उपास आहे हे आम्ही कुणालाच कळवलं नव्हतं. याच मावशी पहाटे साडेचारला घावणे काढत होत्या. रात्री झोपल्या कधी, विचारायची हिंमत झाली नाही.

जेवणानंतर तुम्ही म्हणालात, २००५ मध्ये सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा होईपर्यंत आम्ही पुण्याचेच, तेव्हा पुण्याची माणसं घरचीच. त्याच बोलण्यात हॉलचं भाडं नाकारलंत, वर सिस्टरांनी आपलं पाकीट आमच्या हातात ठेवलं. ते पैसे आणि लॉजचे वाचलेले, दोन्ही सायकलींच्याच खात्यात जमा आहेत. हिशेब सोबत पाठवतोय.

आता एक आगाऊपणा. शाळा सुरू व्हायच्या आधी, जूनमध्ये, सायकली टेम्पोने येतील. वाटप होईपर्यंत पावसात कुठे ठेवायच्या, हा प्रश्न आहे. हॉलची किल्ली कुणाकडे मागायची, तेवढं कळवाल का? पडदा नको, या वेळी ताडपत्री आमची.

आपला नम्र,
पुण्याच्या सायकलवाल्यांपैकी एक