गंज झाकल्याचे पैसे परत करा

प्रति,
मा. व्यवस्थापक,
जुन्या मोटारींची दुरुस्ती विभाग,
पुणे

दिनांक : ९ जून २०२५

विषय : १९६७ सालच्या एमजीबी रोडस्टर या ब्रिटिश मोटारीच्या सिलचे (दाराखालच्या पत्र्याच्या पेटीचे) निकृष्ट काम आणि न बदललेल्या किंगपिनचे (पुढचे चाक ज्यावर वळते त्या खिळीचे) आकारलेले पैसे.

महोदय,

माझी गाडी मार्चअखेरीस आपल्या वर्कशॉपमधून रंगून, चकाकून दादरला घरी आली. रंग सुरेख आहे, त्याबद्दल वाद नाही. मे महिन्यात ड्रायव्हरच्या बाजूचे दार धड लागेना, म्हणून गाडी खालून-वरून तपासून घेतली. जे सापडले ते फोनवर सांगितले, तर आपले सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाले, “साहेब, जुनी गाडी आहे, एवढे चालायचेच.” मला ते चालणार नाही, म्हणून हे पत्र.

आधी सिलचे. आपण जुन्या गाड्यांचे काम करता, तेव्हा हे आपल्याला सांगावे लागू नये. पण जॉबकार्ड पाहता सांगणे भाग आहे. आधीच्या एमजीए मॉडेलला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, होती. १९६२ पासून अ‍ॅबिंग्डनला बनू लागलेल्या एमजीबीत बॉडी हीच चासी. त्यातून ही उघड्या टपाची, म्हणजे वरून छताचा आधार नाही. गाडी मधून वाकू नये याची सगळी भिस्त दारांखालच्या दोन सिलवर. हे सिलही एका पत्र्याचे नसते. बाहेरचा पत्रा, मधला उभा पडदा, आतला पत्रा, आणि खाली फ्लोअरलगत आणखी एक पट्टी. पाणी साचते आत. त्यामुळे बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत मधल्या पडद्याची चाळण झालेली असते. म्हणूनच “दोन्ही बाजू, सर्व थर कापून नवीन” असे मी इस्टिमेटवर मुद्दाम लिहून घेतले आणि त्याचे १,८५,००० रुपये मोजले.

प्रत्यक्षात काय झाले आहे? पुढच्या मडगार्डच्या मागच्या टोकाशी, अगदी खाली, लोहचुंबक लावले. ते खाली पडले. आमच्या ओळखीच्या डेंटरने तिथे स्क्रू-ड्रायव्हरने खरवडले, तेव्हा लांबीचा, म्हणजे रंगाआधी भरायच्या पुट्टीचा, बोटाच्या पेराएवढा जाड थर निघाला आणि त्यामागे जुने सिल, हाताने पापुद्रे सुटतील असे. एमजीबीच्या सिलची टोके पुढच्या आणि मागच्या मडगार्डच्या आत जातात. नवे सिल नीट बसवायचे तर पुढचे मडगार्ड खोलावे लागते किंवा त्याचा खालचा भाग कापावा लागतो, आणि मागच्याचा खालचा भाग कापून नंतर पुन्हा जोडावा लागतो. हे वेळखाऊ काम आहे, आणि म्हणूनच त्याचे पैसे जास्त असतात. आपण मडगार्डला हातच लावलेला नाही. दोन मडगार्डांमध्ये दिसतो तेवढाच बाहेरचा पत्रा कापला, नवा तुकडा टाके मारून बसवला आणि जोड लांबीने भरून काढला. आतून छोटा कॅमेरा घालून पाहिले, तर मधला पडदा जुनाच आहे, आरपार भोके पडलेला. वरून कीर्तन, आतून तमाशा.

भरीस भर, सिलच्या तळाला पाणी निघून जायला जी भोके असतात ती काळ्या अंडरकोटिंगखाली बुजली आहेत. यंदा पाऊस मे महिन्यातच आला. आता ब्रेक मारला की दाराखालून पाणी डुचमळल्याचा आवाज येतो. दादरच्या खाऱ्या हवेत असे पाणी किती दिवसांत नवा पत्राही खाईल, हे आपल्या पेंटरला विचारा.

दाराचे कारणही यातच आहे. मागच्या बाजूची फट वर इतकी आवळली आहे की पोस्टकार्ड जात नाही, खाली मात्र बोट जाते. याचा अर्थ बॉडी मधून बसली. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवी पाइप वेल्ड करून ती जखडायची असते. आपल्याच माणसाने कामाच्या वेळी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत गाडी लिफ्टवर आहे, दार काढलेले आहे, सिल कापलेले आहे आणि चौकट सताड मोकळी आहे. पुरावा आपणच दिलात, आभारी आहे.

जॅक लावायच्या जागी तर चक्क लोखंडी अँगल ठोकला आहे. विंटेज नोंदणीचे २०२१ चे नियम आपल्याला माहीत असतीलच. पन्नास वर्षांवरची गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार चालत नाहीत. मला गाडीची विंटेज गाड्यांच्या ‘व्हीए’ क्रमांक मालिकेत नोंदणी करायची आहे. तिथे या अँगलचे उत्तर मी काय देऊ?

“पत्रे मिळत नाहीत” ही सबब कृपया पुढे करू नका. या गाडीचे सिल, फ्लोअर, मडगार्ड इंग्लंडात आजही नवे बनतात; ब्रिटिश मोटर हेरिटेज तर अख्खी बॉडी शेल बनवते. पत्रे मी मागवून देतो असे मी सुरुवातीलाच सांगितले होते.

आता किंगपिन. बिलात “किंगपिन सेट, इंपोर्टेड, दोन्ही बाजू, बुश रीमिंगसह” म्हणून ६२,००० रुपये लावले आहेत. पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवले, तर खेळ, म्हणजे ढिलेपणा, पूर्वीइतकाच आहे. बेअरिंगचा असेल म्हणावे, तर ब्रेक दाबून धरल्यावरही तो जात नाही. म्हणजे खेळ किंगपिनचाच. एका बाजूचा खालचा ग्रीस निपल (ग्रीस भरायचे तोंड) जुन्या वाळलेल्या ग्रीसने बंद आहे आणि त्यावरूनच काळा रंग मारलेला आहे. नव्या किंगपिनला जुने ग्रीस कुठून आले? काढलेले जुने भाग मी मागितले, तेव्हा “भंगारात गेले” असे उत्तर मिळाले. ते गाडीतच आहेत, असे माझे म्हणणे आहे.

एक मात्र कबूल करतो. दोन्ही एसयू कार्ब्युरेटर अप्रतिम लागले आहेत, इंजिन आयडलला घड्याळासारखे चालते. ज्या मिस्त्रींनी ते काम केले त्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांच्याबद्दल तक्रार नाही.

माझी मागणी अशी : दोन्ही सिल उघडून, चौकट जखडून, सर्व थर इस्टिमेटप्रमाणे नव्याने करून द्यावेत आणि अँगल काढावा. लांबी आणि रंग लावण्यापूर्वी मला उघडे वेल्डिंग पाहायला बोलवावे. किंगपिन खरोखर बदलावेत आणि निघालेले जुने भाग माझ्या ताब्यात द्यावेत. गाडी न्यायचा-आणायचा खर्च आपला, कारण या सिलवर ती घाट चढवायची माझी हिंमत नाही. हे करायचे नसेल, तर वरील दोन्ही कामांचे मिळून २,४७,००० रुपये परत करावेत; काम मी दुसरीकडे करून घेईन.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, तेव्हा तारखांना मुंबईला यावे लागेल ते आपल्याला.

आपला,
(सही)
गाडीमालक, दादर, मुंबई

सोबत : इस्टिमेट, जॉबकार्ड व बिलाच्या प्रती, सिलच्या आतले फोटो, दाराच्या फटीचे फोटो, आपल्या माणसाने पाठवलेला लिफ्टवरचा फोटो, चाकाच्या खेळाचा व्हिडिओ (पेनड्राइव्हवर).