गाडी नंतर, आधी लायसन

ब्योब्लिंगन,
२० एप्रिल २०२५

प्रिय समीर,

तुझी व्हॉइस नोट ऐकली. तीन मिनिटांतली दोन मिनिटं नुसती गाड्यांची नावं! 'जर्मनीला चाललोय तर जर्मन गाडी तरी घेऊ दे' म्हणताना तू आवाज खाली घेतलास, म्हणजे वहिनी शेजारीच होत्या. फोन केला असता, पण फोनवर तू ऐकत नाहीस. आज ईस्टर, सगळं बंद, पोरं शेजाऱ्यांच्या बागेत अंडी शोधतायत. म्हणून निवांत लिहितोय.

आधी त्या जाहिराती बघणं बंद कर. तुला आत्ता गाडी नकोय, लायसन हवंय.

आपलं भारतातलं लायसन इथे राहायला आल्यापासून सहा महिने चालतं. निघायच्या आधी आरटीओतून हजार रुपये भरून इंटरनॅशनल परमिट काढच, म्हणजे भाषांतराचा प्रश्न मिटतो. पण त्यावर एक वर्षाची मुदत छापलेली असते आणि आपली माणसं तिथेच फसतात. वर्ष त्या पुस्तिकेचं. इथे राहणाऱ्याला सहाच महिने. सातव्या महिन्यात पकडला गेलास तर तो विनापरवाना गाडी चालवल्याचा गुन्हा, दंडाची पावती फाडून सुटता येत नाही. वहिनी आणि पोरं ऑगस्टअखेर येणार ना? मग वहिनींचे सहा महिने तेव्हापासून मोजायचे. आणि हो, लायसन दोघांनीही काढा. तू ऑफिसात आणि धाकटा तापानं फणफणलेला, असा दिवस येतोच.

भारताचं लायसन नुसतं बदलून मिळत नाही. लेखी आणि रस्त्यावरची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. नवशिक्यांसारखे सक्तीचे तास आपल्याला नाहीत, एवढीच सूट. पण परीक्षेला ड्रायव्हिंग स्कूलमार्फतच बसायचं, त्यामुळे थोडे तास घ्यावे लागतातच, आणि घ्यावेतच. लेखी इंग्रजीत देता येते, तीस प्रश्न. डोळ्यांची तपासणी, फर्स्ट एडचा दिवसभराचा कोर्स, फोटो, हे सगळं पहिल्याच महिन्यात उरकून अर्ज टाक. अर्ज ऑफिसात आठवडेच्या आठवडे पडून राहतो.

मी पहिल्यांदा नापास झालो, हे तुला कधी सांगितलं नाही. वीस वर्षं कर्वे रोडवर गाडी हाकलेला माणूस! तीसच्या वेगाची साधी गल्ली, छोटा चौक. सिग्नल नाही, पाटी नाही, पांढरा पट्टाही नाही. अशा ठिकाणी उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी, मग तो ट्रक असो की सायकल. उजवीकडून एक आजीबाई सायकलवर येत होत्या, पुढच्या टोपलीत पालेभाजीची जुडी. मी वेग कमी केला, त्यांच्याकडे बघितलं आणि पुढे काढली. पुण्यात याला सौजन्य म्हणतात. शेजारी बसलेल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी त्यांच्या पायाखालचा ब्रेक दाबला, गाडी गचकन थांबली, आणि मागे टॅब्लेट घेऊन बसलेले परीक्षक शांतपणे काहीतरी टिपू लागले. सरांचा पाय ब्रेकवर गेला की परीक्षा संपली. आजीबाईंनी जाताना मान हलवून आभार मानले, ते वेगळंच.

दुसऱ्यांदा पास झालो. पुण्याचं लायसन ऑफिसनं ठेवून घेतलं आणि इथलं हातात दिलं. त्या कार्डावरचा माझा केसाळ फोटो गेला याचं जरा वाईट वाटलं.

तोवर गाडीवाचून अडत नाही रे. आमच्याकडून एस-१ लोकल थेट स्टुटगार्टला जाते, झिंडलफिंगनला तुझ्या ऑफिसला बस आहे. देशभर लोकल, बस, ट्राम चालणारा महिन्याचा पास २०२३ मध्ये ४९ युरोंना सुरू झाला, २०२५ च्या जानेवारीत ५८ झाला. पहिले तीन महिने तेवढ्यावर काढ. गाडी नक्की कशासाठी लागते ते तेव्हाच कळेल.

मी उलट केलं. २०२३ च्या उन्हाळ्यात आई-बाबा येणार म्हणून घाईनं एक सेकंडहँड ऑक्टाव्हिया कॉम्बी घेतली. विक्रेता गोड बोलणारा, किंमत चांगली, मी खूश. इथे दर दोन वर्षांनी गाडीची सरकारमान्य तपासणी होते, सगळे तिला 'ट्यूफ' म्हणतात. मागच्या नंबरप्लेटवर गोल स्टिकर असतो, त्यात मधला आकडा वर्षाचा, आणि घड्याळात बारा असतात त्या जागी जो आकडा येतो तो महिना. मला तो वाचताच येत नव्हता. दोन महिन्यांत मुदत संपली, ब्रेक आणि पुढची एक स्प्रिंग बाद, स्वस्तात मिळालेली गाडी गॅरेजमध्ये महाग पडली. तेव्हा गाडी बघायला गेलास की आधी मागे जाऊन तो स्टिकर वाच, मग बोनेट उघड.

बाबांना मात्र ती गाडी भयंकर आवडली. बोनेटवर हात फिरवून म्हणाले, 'ही तर आपल्या शेंद्र्याची!' संभाजीनगरजवळच्या त्या कारखान्यात ऑक्टाव्हिया तयार व्हायची, त्यांच्या डोळ्यांसमोरची गोष्ट. ही कुठे बनली कोण जाणे, मी वाद घातला नाही.

खरी गंमत मागच्या सीटवर झाली. बारा वर्षांच्या आतलं आणि दीडशे सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीचं पोर इथे चाइल्ड सीटशिवाय बसवता येत नाही. म्हणजे आमच्या दोघांच्या दोन सीट, आणि त्यांच्या मधल्या फटीत आमची आई. टिटिझे तळ्यापर्यंत ती एका कुल्ल्यावर बसून गेली, वाटेत एक शब्द बोलली नाही. तळ्याकाठी पोचल्यावर दार उघडलं तर म्हणते, 'मी इथेच बसते, तुम्ही तळं बघून या. उठता आलं तर येईन.' तुझीही पोरं दोन, आणि काका-काकू येणारच. त्यामुळे बॅज नको बघू, मागची सीट बघ. शक्य असेल तर दोन्ही चाइल्ड सीट लावून मध्ये स्वतः बसून बघ. लोक हसतील, हसू देत.

डिझेल घेणार असशील तर धुराच्या 'युरो ६' निकषातलीच घे. स्टुटगार्ट शहरात युरो ४ पर्यंतच्या डिझेल गाड्यांना २०१९ मध्ये बंदी घातली गेली. लीजचं दोन-तीन वर्षांचं गणित कागदावर छान दिसतं, पण कंपनीनं तुला मध्येच परत बोलावलं तर करार मोडणं महागात पडतं. जाहिरातीत 'आख्टफाख बेराइफ्ट' दिसलं तर दचकू नकोस. मला वाटलं होतं, आठ चाकांची गाडी? उन्हाळ्याचे चार टायर आणि हिवाळ्याचे चार, एवढाच अर्थ. बर्फात हिवाळी टायर सक्तीचे, लोक ऑक्टोबरला चढवतात आणि ईस्टरला उतरवतात. माझा नंबर पुढच्या गुरुवारी आहे.

आता तुझ्या पुण्यातल्या वॅगन आरबद्दल. विकून टाक. दोन वर्षांचीच तर गोष्ट, असं मीही म्हणालो होतो. माझी गाडी सासऱ्यांच्या सोसायटीत कव्हर घालून ठेवली. बॅटरी गेली, उंदरांनी वायरिंग खाल्लं, आणि इन्शुरन्सचं रिन्यूअल मी विसरलो. नव्वद दिवस उलटले की नो क्लेम बोनस जातो. माझा पन्नास टक्के होता रे! तू विकलीस तर इन्शुरन्सकडून नो क्लेमचं पत्र घे, ते तीन वर्षं चालतं, परत आल्यावर नव्या गाडीला लागेल. इथे मात्र बहुतेक कंपन्या त्याला विचारत नाहीत, तुझा हप्ता नवशिक्यासारखाच बसेल. मनाची तयारी ठेव.

शेवटी, जे विचारायला तू लाजलास ते. हो, आम्ही सप्टेंबरअखेर परततोय आणि आमची टूरान, म्हणजे त्या ऑक्टाव्हियानंतर घेतलेली फोक्सवॅगन, विकायची आहे. मागे तीन वेगवेगळ्या सीट आहेत, दुसऱ्या उन्हाळ्यात आई त्यातल्या मधल्या सीटवर ऐसपैस बसून टिटिझेला गेली आणि तळंही बघून आली. परतीचं तिकीट निघालं की विकणाऱ्याची घाई गिऱ्हाइकाला बरोबर कळते, त्यापेक्षा तू घेतलीस तर मला बरंच. पण अट आहे. आधी बाहेरच्या गॅरेजमध्ये नेऊन तपासून घे, त्यांनी सांगितलेल्या दुरुस्तीचे पैसे किमतीतून काप, आणि करार छापील फॉर्मवर कर. मैत्रीत गाडी घेतली आणि क्लच गेला, म्हणजे दोन्ही गेलं. नंबरप्लेट आपल्या जिल्ह्याची, 'बीबी'नं सुरू होणारी. त्यावरचे सगळे विनोद माझे करून झालेत.

मागच्या काचेवर शीतलनं चिकटवलेला गणपती आहे, तो राहू दे. डिकीत उजव्या कप्प्यात बर्फ खरवडायची पट्टी आहे, तीही काढू नकोस. पहिल्या थंडीत सकाळी सातला क्रेडिट कार्डानं काच खरवडत उभा होतो, कार्ड मोडलं.

वहिनींना नमस्कार. निघताना चितळ्यांची बाकरवडी विसरू नकोस.

तुझा,
मंदार