ती. आई-बाबांस: जूनचं जमत नाही

ठाणे, रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलणं होणार नाही. बाबा "बरं बरं" म्हणून फोन आईकडे देणार आणि आई जेवलीस का विचारणार. म्हणून लिहायला बसले. बाबा, आईला मोठ्याने वाचून दाखवा. मधल्या ओळी गाळू नका, तिला तुमच्या आवाजावरून कळतं.

जूनमध्ये मी नोकरी सोडून गावी येत नाहीये. अर्ज दिला होता, तो मागे घेतला. अजून तीन वर्षं थांबणार आहे.

आता रागवा, पण पुढचं वाचा. आमच्याकडे वीस वर्षं झालेला माणूस पंचावन्ननंतर बाहेर पडला तर त्याला आणि जोडीदाराला पंचाहत्तरीपर्यंत ग्रुप मेडिक्लेम राहायचा. थोडा प्रीमियम आपण भरायचा, बाकीचा कंपनी. त्याच भरवशावर माझं सगळं गणित होतं. घराचं कर्ज फिटलंय, पीएफ-ग्रॅच्युइटीत दोघांचं भागतं. फेब्रुवारीत एचआरचं दीड पानी सर्क्युलर आलं: १ एप्रिलनंतर निवृत्त होणाऱ्यांना ही सोय नाही. आधी गेलेल्यांचं चालू राहील. भाषा इतकी गोड की वाचताना वाटावं, आपल्याला काहीतरी मिळतंय. आमच्या लॅबमधल्या मॅडम डिसेंबरात गेल्या, त्या सुटल्या. मी जूनची वाट बघत राहिले.

बाबा, तुम्ही निवृत्त होताना एकदाच पैसे भरलेत आणि रेल्वेच्या दवाखान्याचं कार्ड दोघांना जन्माचं झालं. म्हणून "पैसे आहेत ना, मग सोड की" हे तुम्हाला सहज म्हणता येतं. नोकरी संपली की दवाखानाही संपतो, हे आपल्या घरात कोणी पाहिलंच नाही. मीही नाही. कल्याणच्या रेल्वे हॉस्पिटलात केसपेपरवर तुमचं नाव आणि हुद्दा असायचा, त्याखाली बारीक मी. बाटली आपण घरून न्यायची. कंपाउंडर त्यात लाल मिक्स्चर ओतायचा आणि बाहेरून कातरलेली कागदी पट्टी चिकटवायचा, एक खाच म्हणजे एक डोस. एकदा ती बाटली मी तुमच्या गार्डाच्या पांढऱ्या कोटावर सांडली आणि तुम्ही आईला सांगितलंत की पानाचा डाग आहे. आई, तू त्यांना पान खाण्यावरून किती बोलली होतीस! आता खरं कळलं. माफ कर दोघांना.

तर मुद्दा तुमच्या जावयाचा, सुहासचा. स्टेंट बसवले तेव्हाचं सव्वातीन लाखांचं बिल ऑफिसच्या पॉलिसीने भरलं, आमचे खिशातले फार गेले नाहीत. शुगर तर आधीपासूनच आहे. त्याच्या क्लासच्या धंद्यात मेडिक्लेम कुठला! तो कायम माझ्याच पॉलिसीत. आमच्या ग्रुप पॉलिसीत जुन्या आजाराला पहिल्या दिवसापासून कव्हर होतं. स्वतःची पॉलिसी घेतली की तसं नसतं, जुन्या आजारासाठी थांबावं लागतं. २०२४ पर्यंत ते जास्तीत जास्त चार वर्षं होतं, आता तीन केलंय. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, तेही मी विचारलं. पण तेव्हा पुन्हा तपासण्या होणार, आणि स्टेंटवाल्याला हो म्हणतील की नाही हे त्या दिवशीच कळणार. इतकी वर्षं लॅबमध्ये काढून मी असल्या भरवशावर राजीनामा देणार नाही.

म्हणून मार्चमध्ये आम्हा दोघांची स्वतःची पॉलिसी घेतली. प्रीमियम साठ हजारांच्या पुढे गेला, तोही सुहासच्या हृदयामुळे. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेवढाच दिलासा. आता ही पॉलिसी तीन वर्षं मुरेल आणि तोपर्यंत ऑफिसची पॉलिसी सांभाळेल. मार्च २०२९ ला ती पिकली की मी मोकळी. तेव्हा मी अठ्ठावन्नची असेन, रिटायरमेंटला तरीही दोन वर्षं असतील. म्हणजे "लवकर"च झालं की!

बाबा, तुम्ही पेपरातलं कात्रण पाठवाल, म्हणून आधीच सांगते. ते ५ लाखांचं आयुष्मान कार्ड ऑक्टोबर २०२४ पासून सरसकट मिळतं, पण सत्तरीच्या पुढे. आम्हाला अजून पंधरा वर्षं आहेत. महात्मा फुले योजना आता सगळ्या रेशनकार्डांना आहे, हे खरं. पण यादीतलीच हॉस्पिटलं आणि यादीतलेच उपचार. अडल्यावेळी आहे हे चांगलंच, पण त्यावर पगार सोडावा असं मला वाटत नाही. नानाकाकांच्या आजारपणात वरची वाडी कशी गेली, ते मी तुम्हाला सांगायला नको. चिन्मयच्या वाट्याला ते येऊ नये. तोही पुढच्या वर्षी पंचवीस पूर्ण करून माझ्या पॉलिसीतून बाहेर पडतोय.

तीन वर्षं माझ्या वयाला थोडी आहेत आणि तुमच्या वयाला थोडी नाहीत, हे मला कळतं. हे वाक्य लिहावं की नाही यावर बराच वेळ पेन धरून बसले होते. आई, तू पडवीतली खोली माझ्यासाठी सारवून ठेवलीस म्हणे. ती तशीच राहू दे, तिच्यात भात भरू नकोस.

मी नाही येत, तर तुम्ही या. जून ते गणपती देवरुखात राहायची काय गरज आहे? दिवे जातात, अंगणात शेवाळ, आईचे गुडघे तसे. इथे लिफ्ट आहे. बाथरूममध्ये दोन्ही बाजूंना स्टीलचे दांडे बसवून घेतलेत आणि कमोड उंच केलाय, आई, तुला धरून उठवायला कोणी लागणार नाही. गॅलरीत तुझी आरामखुर्ची मावते, मी मापून बघितली. बाबांना सकाळी ग्रंथसंग्रहालयात सगळे पेपर मिळतील, १८९३ पासूनची संस्था आहे, खुर्च्याही बऱ्या आहेत. संध्याकाळी तलावपाळी. आणि कल्याणचं तुमचं हॉस्पिटल इथून लोकलने जवळ, फाईलही तिथेच आहे. मी रबाळ्याहून साडेसहाला घरी असते. ट्रान्स-हार्बरला गर्दी असते, पण वीस मिनिटांचा तर प्रश्न. गणपतीला आपण सगळे एकत्र गावी जाऊ, पंधरा दिवसांची रजा मी टाकलीसुद्धा.

आता तोपर्यंतचं. सुनंदाला रात्री झोपायला यायला सांगितलंय, पैसे मी देणार. आईने तिला "कशाला येतेस" म्हणायचं नाही. बाबा, बीपीची गोळी अर्धी करून खाणं बंद. डॉक्टरांनी पूर्ण सांगितली आहे, आणि ती तुम्हाला फुकट मिळते, मग काटकसर कोणासाठी? सुपारीला शिडी लावायची नाही, गड्याला बोलवा. रेल्वेचं उमीद कार्ड कपाटात पातळांखाली ठेवू नका, देवघराच्या फडताळात, सुनंदाला दिसेल असं. आईचे डोळ्यांचे थेंब उघडून महिना झाला की बाटली टाकून द्या, थोडे उरले म्हणून पुढे ओढू नका.

वहिनीला एवढ्यात काही बोलू नका. ती म्हणेल, शुभाला पगार सुटत नाही. म्हणू दे, पण मी भेटल्यावर.

तुतारी एक्स्प्रेसचं संगमेश्वरहून बघते, पहाटे ठाण्याला उतराल, मी आणि सुहास दोघं स्टेशनवर असू. रेल्वेचा पास मी इथून ऑनलाइन काढते. बाबा, तुमच्या फोनवर ओटीपी येईल, तो फक्त मला सांगायचा, दुसऱ्या कोणी कितीही गोड बोललं तरी नाही. आणि येताना फणस आणू नका. गरे आणा हवे तर, डब्यातून.

तुमची,
शुभा