गोल खाल्लेल्या मुलाशी कोण बोलणार?

महोदय,

पावसाळा सुरू झाला की जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत सुब्रोतो चषक व शालेय फुटबॉल स्पर्धांच्या तयारीची धांदल उडते. राज्य शासनाने २०१७ मध्ये ‘मिशन वन मिलियन’ उपक्रमातून शाळाशाळांत फुटबॉल पोहोचवला, त्याचे स्वागतच आहे. परंतु त्या चेंडूमागे धावणाऱ्या मुलांच्या मनःस्थितीचा विचार आपल्याकडे अजून सुरू झालेला दिसत नाही.

या स्पर्धा बहुधा बाद पद्धतीच्या असल्याने वर्षभराचा सराव एका सामन्यात, तासाभरात संपू शकतो. त्यात सर्वांत कठीण अवस्था गोलरक्षकाची असते. आघाडीच्या खेळाडूने चार संधी दवडून पाचवीवर गोल केला तर तो नायक ठरतो. गोलरक्षकाची एकच चूक मात्र थेट गोलफलकावर जाऊन बसते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला ती चूक सर्वांदेखत ऐकवली जाते, आणि ऐकवणाऱ्यांत प्रशिक्षकांइतकेच आम्ही पालकही असतो. दहावी-बारावीचे क्रीडागुण त्या निकालावर अवलंबून असतील, तर घरीही तोच विषय निघतो.

‘मन घट्ट कर’ हा आपला ठरलेला सल्ला किती अपुरा आहे, हे मोठ्या खेळाडूंकडे पाहिले तरी कळते. जर्मनीचा गोलरक्षक रॉबर्ट एन्के याने नैराश्य लोकांपासून लपवले आणि नोव्हेंबर २००९ मध्ये आपण त्याला गमावले. इटलीचा जियानलुइजी बुफाँ याच आजारातून जात असताना इतरांशी बोलला, त्याने मानसशास्त्रज्ञाची मदत घेतली आणि २००६ मध्ये विश्वचषक उंचावला. दोघांच्या परिस्थितीची सरळ तुलना करता येणार नाही, तरी मदत मागितल्याने खेळाडू दुबळा ठरत नाही, एवढे मुलांना सांगायला बुफाँचे उदाहरण पुरेसे आहे.

आपल्याकडे सोयी अगदीच नाहीत, असेही नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम अस्तित्वात आहे, तसेच १४४१६ या क्रमांकावर ‘टेली-मानस’ची विनामूल्य दूरध्वनी-समुपदेशन सेवा मराठीतही मिळते. क्रीडा कार्यालय व आरोग्य विभाग यांची एकमेकांशी गाठ पडत नाही, ही खरी अडचण आहे. स्पर्धांपूर्वी क्रीडाशिक्षकांची बैठक होतेच. तिच्यात एक तास समुपदेशकासाठी ठेवून झोप उडणे, जेवण तुटणे, सरावाला टाळाटाळ करणे ही लक्षणे कशी ओळखावीत, हे शिक्षकांना समजावून द्यावे. संघातून वगळलेल्या किंवा गुडघा दुखावून घरी बसलेल्या मुलाला फलकावरील यादीतून नव्हे, तर प्रशिक्षकांनी समोर बसवून निर्णय सांगावा. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही. जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी यंदाच्या बैठकीपासूनच ही सुरुवात करावी, ही विनंती.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी पालक, भुसावळ